सात लेकरं अन् एक इतिवृत्त

"लिहा मॅडम. पहिलीतली सातही मुलं अप्रगत, त्यामुळे पाठ पूर्ण होऊ शकला नाही."

केंद्रप्रमुख साहेबांनी हे सगळ्यांसमोर सांगतलं. आर्वीकडच्या आमच्या दोन-शिक्षकी शाळेत त्या दिवशी शिक्षण परिषद होती. म्हणजे आजूबाजूच्या शाळांतले आम्ही मास्तर-मास्तरीण दर महिन्याले एकत्र बसतो, एकमेकांपासून शिकतो. कागदावर. खरं तर दोघं-तिघं बोलतात अन् बाकीचे माना हलवतात. माहं अक्षर चांगलं, म्हणून परिषदेचं इतिवृत्त माह्या गळ्यात. तेही आदल्या दिवशीच लिहून ठेवायची पद्धत. 'आदर्श पाठ उत्कृष्ट झाला, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' सहा वर्षं हेच लिहीत आली मी.

माह्या पहिलीच्या पोरांवर आदर्श पाठ घेणारे सर शहरातल्या शाळेतले, आमच्या परिषदेचे सुलभक, म्हणजे कसं शिकवावं हे आम्हाले दाखवणारे. त्यांनी कोंबड्याचं चित्र धरलं अन् गोड आवाजात विचारलं, हा कोणता पक्षी, सांगा बरं बाळांनो. माही सातही लेकरं गोंडांची. घरी गोंडीच बोलतात. ते चित्राकडे पाहत चूप बसले. सरांनी चारदा विचारलं. मग चित्र टेबलावर टाकलं अन् माह्याकडे पाहून हसले.

"मॅडमच्या समाजातलीच आहेत ना ही? मग माझी पद्धत तरी काय करणार?"

सगळे हसले. घंट्याभरापूर्वी माह्यासंग डबा खाल्लेल्या बाया बी हसल्या. त्यावरच साहेबांनी ते 'लिहा मॅडम' म्हटलं.

मी बी हसली असती. तेच तर करत आली होती. मी बी गोंडाचीच पोर, पहिलीत अशीच चूप बसत होती, अन् गुरुजीनं मले ढ म्हणून मागं बसवलं होतं. दोन वर्षं. तिथून डी.एड.पर्यंत आली, नोकरीले लागली, अन् आता माह्याच हातानं या सातांले अप्रगत लिहू? लाज वाटली मले, स्वतःचीच. अन् मग राग आला.

उठली. चित्र उचललं. पोरांजवळ खाली बसली अन् गोंडीत विचारलं, हे काय, "इद बाता?"

"कोर!" सातही जण. कोंबडा. एक पोरगी तर सुटलीच. मावशीचा कोंबडा कुत्र्यानं कसा नेला, मावशी काठी घेऊन कशी धावली, सगळं सांगून राह्यली होती. मी एकेक गोष्ट मराठीत करून सांगतली. यावेळी कोणी हसलं नाई.

मग इतिवृत्ताची वही ओढली. आदल्या दिवशीचं खोडलं अन् लिहिलं: मुलांना उत्तर येत होतं. सुलभकांना मुलांची भाषा येत नव्हती.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, हे वरपर्यंत जाते मॅडम, खोडा. तुमचा गोपनीय अहवाल मलाच भरायचा आहे, याची बी आठवण करून दिली.

"भरा साहेब. मी नाई खोडत."

सह्यांसाठी वही फिरली. काहींनी वाचून पुढं सरकवली, काहींनी न वाचताच. त्या पानावर माह्या एकटीचीच सही आहे. राहू द्या.

पुढच्या परिषदेतला पाठ मी घेणार, नाव देऊन टाकलं. पूर्ण गोंडीत घेईन. ज्या सरांले समजणार नाई, त्यांनी पहिलीत बसावं, माह्या पोरांच्या बाजूले.