लाल शाईचे नंबर

गुंडप्पा हुडगे हा माणूस मुळातच हुरळून जाणारा. अहमदपूरच्या कॉलेजात ग्रंथालय परिचर म्हणून त्याची अठ्ठावीस वर्षं गेली, पण नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की कात्री शोधण्याइतकाही धीर त्याला नसे. सुतळी दातांनीच तोडायचा. त्यामुळे निवृत्तीला पाच महिने उरले असताना ग्रंथालयाचं सगळं काम संगणकावर न्यायचं ठरलं, तेव्हा 'आता या वयात कशाला' हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. उलट घरी बायकोला, सिद्धम्माला, त्यानं हे इतक्यांदा सांगितलं की भाकरी थापता थापता तिनंच एकदा विचारलं, ते सॉफ्टवेअर पेरणीआधी येणार की पेरणीनंतर.

ग्रंथपाल होत्या मंजुश्री मॅडम. भोकरच्या, नांदेडला ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या, बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की हटायचं नाही अशा. कॉलेजपुढे दोन पर्याय होते. एक पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअर. दिसायला चकाचक, पण साधा एक रकाना वाढवायचा तरी कंपनीला फोन लावा आणि वाट बघत बसा. दुसरं कोहा. जगभरातली ग्रंथालयं वापरतात, मराठीतून शोधता येतं, फुकट मिळतं आणि सगळी माहिती आपल्या हातात राहते. मॅडमनी दोन्ही चालवून पाहिली. लातूरच्या एका ग्रंथपालबाईंच्या शेजारी दोन दिवस बसून खोदून खोदून प्रश्न विचारले आणि ग्रंथालय समितीपुढे कोहाची बाजू मांडली. भूगोलाचे शेषेराव सर सोडले तर सगळे राजी झाले. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर सरांचा काडीचा विश्वास नव्हता. शेवटी प्राचार्यांनी मधला मार्ग काढला. महिनाभरात सगळी पुस्तकं कोहात दिसली पाहिजेत. नाही दिसली तर कंपनीच्या करारावर सही.

मग काय, गुंडप्पाच्या अंगात वारं शिरलं. टायपिंगसाठी दोन मुली लावल्या होत्या. त्यांना रजिस्टर उघडून दे, पुसट झालेलं नाव वाचून दे, पुस्तक काढून पान दाखव, बाहेर गेलेलं पुस्तक कुणाच्या नावावर आहे ते सांग, असं त्याचं सकाळपासून चालायचं. जेवणाचा डबा तो संध्याकाळी तसाच घरी नेई आणि बोलणी खाई. जवळजवळ अकरा हजार पुस्तकांची यादी तयार झाली. मॅडमनी ती कोहात चढवली, आणि पडद्यावर दिसली सात हजार. उरलेल्या पुस्तकांचे रजिस्टरातले नंबर सॉफ्टवेअरनं घेतलेच नव्हते. मॅडमनी त्यातले दहा-वीस नंबर शोधून पाहिले, तर प्रत्येक नंबरावर एक पुस्तक आधीच बसलेलं. पोरींनी घाईत तीच पुस्तकं दोनदा टाइप केली असतील, असं त्यांना वाटलं आणि त्या निर्धास्त झाल्या. इथंच घात झाला.

समितीच्या बैठकीत शेषेराव सर 'नकाशावाचन' नावाचं जाडजूड पुस्तक काखेत मारूनच आले. शोधा म्हणाले. मॅडमनी शोधलं, नाही मिळालं. लेखकाच्या नावानं शोधलं, तरी नाही. पुस्तक माझ्या हातात आहे आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं ते नाहीच, असं म्हणून सरांनी ते टेबलावर ठेवलं. आणखी दोघांनी आपापली पुस्तकं शोधून पाहिली. एक सापडलं, एक नाही. प्राचार्यांनी फार ताणलं नाही. येत्या सोमवारी कंपनीचा माणूस येतो आहे, तोवर काय ते बघा, एवढंच बोलून ते उठले. मॅडम मान खाली घालून बसून राहिल्या. चहाचे कप गोळा करणाऱ्या गुंडप्पाला त्यांच्याकडे बघवेना.

टेबलावरचं 'नकाशावाचन' त्यानं जागेवर ठेवायला उचललं. सवयीनं पहिलं पान उलटलं. नंबर दोनशे चौदा, लाल शाईत. आणि गुंडप्पा मांडणीपुढे उभ्याउभ्या थिजला.

ही लाल शाई त्याचीच करणी होती. कॉलेजात लागण्याआधी गुंडप्पा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर कामाला होता. तिथं प्रत्येक शेतकऱ्याची पोती एकपासून मोजायची आणि कुणाची कुठली ते कळायला रंगाचा पट्टा ओढायचा. लालवाल्याचं सातवं पोतं, निळ्यावाल्याचं सातवं पोतं. कधी घोटाळा झाला नाही. पुढे कॉलेजातली ज्युनिअर आणि सिनिअर अशी दोन ग्रंथालयं एक झाली. दोन्हीकडचे नंबर एकपासून सुरू होणारे. तेव्हाचे ग्रंथपाल सगळे नंबर नव्यानं घालायला निघाले होते. गुंडप्पानंच त्यांना सुचवलं, कशाला एवढी उठाठेव, ज्युनिअरची लाल शाईत लिहू, सिनिअरची निळ्या. ग्रंथपाल खूश झाले. त्यानंतर नवी पुस्तकंही एकाच रजिस्टरात, आली तशी, लाल-निळी लिहिली गेली. वीस-बावीस वर्षं बिनबोभाट चाललं. पण टाइप करताना शाईचा रंग कोण टाइप करतं? दोनशे चौदावर निळं पुस्तक आधी बसलं, लाल आलं तेव्हा जागाच नव्हती.

गुंडप्पाला आधी आनंदच झाला. सापडलं, सापडलं म्हणत तो मॅडमच्या ऑफिसकडे जवळजवळ धावला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की जे सापडलं ते आपलंच पाप आहे. तरी तो थांबला नाही.

"मॅडम, पुस्तकं कुठंच गेली न्हाईत," तो धापा टाकत म्हणाला. "मीच दोघादोघांना एक नंबर देऊन ठिवलाय."

मॅडमनी रजिस्टर ओढलं, चार पानं पाहिली आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की वाचनकक्षातली मुलं वळून बघायला लागली. उपाय सोपा होता. प्रत्येक लाल नंबराआधी ज्युनिअरचा 'जे' लावायचा. काम मात्र किचकट होतं, कारण लाल कोणता आणि निळा कोणता हे रजिस्टरातच कळणार, आणि जुनी लाल शाई उडून तपकिरी झालेली. चार दिवस दोघं समोरासमोर बसली. गुंडप्पा बोट ठेवून वाचायचा, मॅडम टाइप करायच्या. जिथं रंगच ओळखू येईना तिथं तो उठून पुस्तकच घेऊन यायचा. पडद्यावरचा आकडा आठ हजार झाला, नऊ झाला. प्रत्येक हजाराला गुंडप्पा जागचा उठून एक फेरी मारून यायचा. शनिवारी दुपारी चारला शेवटचं लाल पुस्तक चढलं. मॅडमनी नुसतेच हात जोडले आणि गुंडप्पाचे डोळे भरून आले.

सोमवारी सकाळी कंपनीच्या माणसाच्या आधी समिती बसली. शेषेराव सरांनी मुद्दामच दोनशे चौदा सांगितला. पडद्यावर दोन ओळी आल्या, एक अर्थशास्त्राची आणि एक 'नकाशावाचन'. सरांनी मग एकामागून एक पंधरा पुस्तकं विचारली. सगळी होती, आणि कोणतं कुणाच्या नावावर आहे तेही होतं. त्यात दोन सरांच्याच घरी तीन वर्षांपासून होती. सरांनी सोळावं विचारलं नाही.

प्राचार्यांनी कोहा ठेवायचं नक्की केलं आणि मॅडमना ठराव लिहायला सांगितला. "तांत्रिक अडचणीमुळे काही पुस्तके दिसत नव्हती, ती अडचण दूर झाली, असं लिहा."

दाराशी उभा असलेला गुंडप्पा पुढे आला. "तांत्रिक न्हाई, साहेब. माझी चूक, आसं लिवा."

आता ते कशाला, झालं गेलं, असं प्राचार्य समजुतीनं म्हणाले. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाच्या नावावर उगीच ठपका कशाला, हा त्यांचा हेतू.

"मी जूनात घरी चाललो," गुंडप्पा म्हणाला. "उद्या कुणीबी हे वाचल आन म्हनल, ह्या सॉफ्टवेअरनं एकदा चार हजार पुस्तकं हरवली व्हती. मंग मॅडमचं कोण ऐकल? माझं नाव ऱ्हाऊ द्या साहेब, मला काय व्हतंय."

शेषेराव सरांनी घसा खाकरला. "लिहा मॅडम, ते म्हणतात तसं. आणि ठरावाचा सूचक म्हणून माझं नाव घाला."

मॅडमनी लिहिलं. अठ्ठावीस वर्षांत कॉलेजच्या इतिवृत्तात गुंडप्पा हुडगेचं नाव पहिल्यांदाच आलं, तेही चूक केली म्हणून, आणि त्याला त्याचं इतकं अप्रूप वाटलं की ती ओळ त्यानं मॅडमना दोनदा वाचून दाखवायला लावली.