अर्धा कोकर

देवबागात आल्बिनाकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. समुद्र निवळ असला की त्या दिवशी ब्लाउज मिळणार नाही. शिवणयंत्रावर चादर, दाराला कडी, आणि आल्बिना नवऱ्याच्या होडीत.

तिला कोकर मासा धरायचा होता. हातातल्या गरीवर, एकटीने.

कोकर म्हणजे सुरमई नव्हे. रुंद कपाळाचा, आखूड मानेचा, अंगात रेड्याची रग. गरीला लागला की भिऊन खोल पळत नाही, सरळ खडकाकडे धावतो आणि तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, दोरी खडकाच्या धारेवर कापून मोकळा होतो. आल्बिना लहान असताना तिच्या पपांनी, कॉन्स्टान्सियोंनी, असा एक आणला होता. दोघा गड्यांनी वल्ह्याला टांगून आणलेला तो मासा किनाऱ्यावरच्या पुळणीवर टाकला, तेव्हा ती त्याच्या शेजारी आडवी झाली होती, कोण लांब ते बघायला. मासाच लांब निघाला. सगळे हसले. मग तिने पपांना विचारलं, मी कधी धरू? पपा जाळं झटकत म्हणाले, "ह्यो बायलांच्या हाताक गावणारो मासो न्हय, बाय."

मुलींना होडीत घ्यायची रीत नव्हती. भाऊ होडीतून गेले, ती काठावर राहिली. लग्न केलं तेही होडीवाल्याशी. यावर तिच्या मैत्रिणी आजही डोळे मिचकावतात. पण क्रिस्टोफर पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारा माणूस. मासा दाखवायचा, धरायचा नाही, हा त्याचा धंदा. बायकोचं वेड त्याने कटकट करत सांभाळलं. इंजिन त्याचं, दोरी तिची, असा त्यांचा करार होता आणि तो तिने त्याला स्पष्ट शब्दांत ऐकवला होता: "माज्या दोरयेक हात लावशीत तर तुका पाण्यात घालीन."

त्या सकाळी दोघं निवतीच्या खडकांपाशी होती. लाटा नव्हत्या, पण खडकांच्या पायथ्याशी पाणी आत ओढलं जात होतं आणि फेसाळून बाहेर येत होतं. आल्बिनाने जिवंत बांगडा गरीला लावून सोडला होता. दोरीतून त्याची थरथर बोटाला कळत होती. मग थरथर वाढली. बांगड्याला खाली काहीतरी दिसलं होतं.

मग थरथर थांबली, आणि दोरी पळाली.

होडीच्या काठावर करकर करत ती पाण्यात जाऊ लागली, थेट खडकाच्या दिशेने.

"सोड गो," क्रिस्टोफर ओरडला. "सोड."

इतक्या वर्षांच्या संसारात आल्बिनाने हा शब्द त्याच्या तोंडून एकाच अर्थाने ऐकला होता. सोड तो नाद. सोड ती गरी, लोक कपड्यांक येतत. आणि आता, आयुष्यभर वाट पाहिलेला कोकर दोरीला लागलेला असताना, पुन्हा तेच. तिने मूठ आवळली. एवढंच नाही, दोरीचा एक वेढा तळहाताला घेतला. तसं कुणी करत नाही. होडी एका अंगाला कलली. ताणलेली दोरी काठाच्या लाकडावर घासत राहिली आणि तळहाताची कातडी फाटली.

"मी सोडूचंय नाय," ती दात आवळून म्हणाली.

"अगो मासो नाय. दोरी सोड. दोरी."

तिने मागे पाहिलं. क्रिस्टोफरने दोरीला हात लावला नव्हता. तो खाली बसून उरलेलं वेटोळं तिच्या पायांतून मोकळं करत होता, दोरी कुठे अडकू नये म्हणून.

तिने वेढा काढला. दोरी सणसणत गेली. क्रिस्टोफरने उडी मारून इंजिन धरलं, होडी खडकांपासून बाहेर, खोल पाण्याच्या बाजूला घेतली. मासा बाजूने ओढला गेला, वळला आणि थांबला.

"आता घे गो," तो हळूच म्हणाला.

ती खेचू लागली. हातभर आत, वीतभर बाहेर. आणि मध्येच तिच्या बोटांना खरखर लागली. काठावर घासलेली जागा. तिथे दोरी पांढरी पडली होती, सोलली होती. तिने ती जपून आत घेतली आणि दम सोडला. आता माशाच्या आणि तिच्या मध्ये चांगली दोरी होती.

तेवढ्यात कोकराने होडी पाहिली. पुन्हा पळाला. सोललेली जागा तिच्या मुठीतून घसरून पाण्यात गेली. आता हिसका दिला की संपलं.

तिने थांबून, गोंजारून, त्याला पुन्हा आणला. होडीखाली चांदीचं ताट फिरावं तसा तो फिरताना दिसला. खरखर पुन्हा बोटाला लागली, पण आत येईना. रक्ताने मूठ निसरडी झाली होती, बोटं मिटत नव्हती. सगळा भार त्या सोललेल्या जागेवर. तिच्यापुढे वाकून पलीकडची चांगली दोरी पकडायला एक माणूस हवा होता, आणि तो माणूस तिच्या खांद्यामागे, हात मागे घेऊन उभा होता. करार मोडायचा तर तिनेच मोडायचा होता.

दोरी बोटभर निसटली.

"धर मेल्या," आल्बिना म्हणाली.

"नक्की?"

"धर."

तो वाकला. दोघांनी खेचला. क्रिस्टोफरने कल्ल्यात हात घातला, तिने शेपूट मिठीत घेतलं, आणि तिघंही होडीच्या तळाशी आदळली. कोकर आपटत राहिला. ती त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली, तो शांत होईपर्यंत.

पुळणीवर गर्दी जमली. कोणाक गावलो, म्हणून शेजारच्या सत्यवानाने विचारलं. क्रिस्टोफरने छाती पुढे काढून बायकोकडे बोट केलं.

"अर्धो माका गावलो," आल्बिना म्हणाली. "शेवटाक दोरी तेणां धरली."

लोक हसले. अर्धा मासा कोणाला गावतो, असं सत्यवान म्हणाला. तिला हसू आलं नाही. मासा कापला, वाडीत वाटला. शिवायला आलेला नवरीचा झगा तिने पुरा करायला शेजारच्या शेवंतीकडे दिला, कारण पट्टी बांधलेल्या हातात सुई राहत नव्हती.

दुपारी जेवताना तिने विचारलं, हात बरो झालो की वारो कसो असतलो?

"आता कित्याक?" क्रिस्टोफर म्हणाला. "गावलो मगे."

"उरलेलो अर्धो अजून थंयच आसा."

तो जेवून उठला आणि अंगणात नवी दोरी माडापासून माडापर्यंत ताणून, बोटांच्या चिमटीतून हळूहळू सरकवत चालू लागला, कुठे खरखर लागते का बघत.