मुदत संपण्याआधी

फोन ताईंच्याच नंबरवरून आला, म्हणून मी सवयीनं आधी सफाई देऊन टाकली. "ताई, कालच औषधांच्या सगळ्या फळ्या बघितल्या, मुदत जवळ आलेलं काही नाही." पलीकडे त्यांचा मुलगा होता. "मामा, आई गेली..." फळ्या मी बघितल्याच नव्हत्या, हे वेगळं सांगायला नको.

सुमनताई जव्हारच्या दवाखान्यात औषधं सांभाळायच्या, मी जवळच्या एका खेड्यात. नव्या नोकरीत खरजेचं औषध मागवताना मी बाटल्यांचा आकडा खोक्यांच्या रकान्यात लिहिला. इतकी खोकी आली की खोलीचं दार लागेना. वर मुदत थोडीच उरलेली. मी खोक्यांवर चादर घातली आणि मुदत संपली की गुपचूप नष्ट करू, असं ठरवून निवांत झालो. काही दिवसांनी ताई आल्या त्या नेमक्या त्या चादरीवरच टेकल्या. मग उठून कोपरा उचलला.

"तुझ्या गावात म्हशींनाही खरूज झाली का रे?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "पोशेऱ्याकडं आश्रमशाळेत पोरं रातभर खाजवतायत, तिथलं औषध केव्हाच संपलंय. आणि तू इथं पांघरूण घालून निजवलंयस."

शाळा दुसऱ्या तालुक्यात, म्हणून परवानगीसाठी त्यांनी फोनवर दोन साहेबांचं ऐकून घेतलं, मग आम्ही खोकी जीपमध्ये घातली. सगळ्या पोरांना एकाच दिवशी गळ्यापासून तळपायापर्यंत औषध लावलं, अंथरुणं उकळून उन्हात टाकली. मी ऐटीत प्रत्येकाला समजावत होतो, स्वतःला मात्र लावलं नाही. पुढच्या फेरीला तिथली स्वयंपाकीणबाई ताईंना म्हणाली, "आता पोरां गुमान निजतात, बाय. आम्हालापण नीज येते." मी तेव्हा शेजारी उभा राहून बोटांच्या बेचक्या खाजवत होतो. ताईंनी पिशवीतून एक बाटली काढली. "तुझ्या वाटणीची ठेवली होती."

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. मुलानं त्यांच्या आजारपणातल्या गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं.

"महिन्याच्या एकदम घ्यायचीच नाही, मामा. दर आठवड्याला मला पळवायची. मी चिडलो की म्हणायची, घरात आलेली गोळी परत दवाखान्याच्या फळीवर चढत नाही. मी गेले तर कुणाच्या कामाची?"

रोजची एक, अशा दोन गोळ्या उरल्या होत्या. नष्ट करायच्या डब्यात टाकतो म्हणून मी त्या घेऊन आलो. डबा माझ्या खुर्चीला लागूनच आहे... पाकीट अजून खिशातच. आणखी दोन दिवस मिळते, तर ताईंनी याही उरू दिल्या नसत्या.