वाचकांचे प्रश्न मीच लिहायचो

परभणीच्या स्टँडवर बाप एसटीच्या खिडकीखाली उभा होता आणि माझ्याशी बोलायचं सोडून कंडक्टरशी बोलत होता. "पोरगं बी. ए. झालंय. पुण्याला मासिकात लिव्हायला जायलंय. नीट उतरवा."

कंडक्टर म्हणाला, "काका, बी. ए. झालेल्याला कुठं उतरायचं ते मी काय सांगू?"

आजूबाजूचे हसले. बापही हसला, पण गाडी हलेपर्यंत त्यानं खिडकीची दांडी सोडली नाही. माय आली नव्हती. ज्वारी दाण्यावर आलेली, पाखरं हाणायला रानात कुणीतरी हवंच होतं. आमच्या घरात तोवर अंगठा उठवणारेच झाले. सही करणारा मी पहिला. त्याचा मला लय ताठा होता, आणि आजही आहे. लपवत नाही.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटलेला होता, ते दिवस. संपादकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "नाव बदला म्हणणारे की बदलू नका म्हणणारे?" मी म्हणालो, "बदला म्हणणारा. काम काय आहे ते सांगा." ते हसले आणि समोर टेबल दाखवलं.

मासिक फक्त बियाण्यांवरचं होतं. बोळातल्या दोन खोल्या, संपादक, एक कंपोझिटर आणि मी. अंक बियाण्याचे दुकानदार घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला फुकट वाटायचे. तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून शहरात आले, त्यांना ठाऊक आहे, पहिल्या नोकरीत माणूस नाही म्हणत नाही. मॅटर कमी पडलं की मी लिहायचो, प्रूफ मी तपासायचो. शेवटच्या पानावर 'वाचक विचारतात' असं सदर होतं. वाचक काही विचारत नसत. मग प्रश्नही मीच लिहायचो आणि उत्तरंही मीच. प्रश्नाखाली कुठल्या तरी गावाचं नाव टाकायचं. कधी सेलू, कधी सोनपेठ. एका महिन्यात अंक छपाईला जायची घाई होती. काही सुचेना, म्हणून मी आमच्याच गावाचं नाव टाकलं.

प्रश्न असा: घरचं बियाणं किती वर्षं पेरावं? उत्तर मी एका दुकानदाराच्या पत्रकातून जसंच्या तसं उतरवलं. तीन वर्षांहून जुनं घरचं बी मोडावं, खाण्यात वापरून टाकावं आणि पिशवीतलं नवं आणावं. कोपरा भरला. मी बोळातल्या टपरीवर जाऊन चहा प्यायलो.

आता आमच्या घरचं बी म्हणजे काय, ते सांगतो. माय लग्नात माहेराहून ज्वारीची एक पेंडी घेऊन आली होती. माहेर सोनपेठकडं, गोदावरीच्या काठचं. दरवर्षी ज्वारी उपटायच्या आधी ती एकटीच वावरात शिरायची आणि कणसं निवडायची. तिचं झाल्याशिवाय बापसुद्धा ज्वारीच्या ताटाला हात लावायचा नाही. निवडलेल्या कणसांच्या पेंड्या चुलीच्या वर, माळवदाच्या लाकडाला टांगायच्या. धुरानं काळ्या पडायच्या, पण कीड लागायची नाही. त्या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची.

पुढच्या जानेवारीत मी हुरड्याला गावी गेलो. वावरातली ताटं बुटकी आणि जाड दिसली. चुलीच्या वर बघितलं तर लाकूड मोकळं.

"माय, पेंड्या कुठायत?"

माय भाकरी थापत होती. म्हणाली, "तूच लिव्हलंस न्हवं का?"

गावात अंक एकट्या मास्तरांकडं यायचा. त्यांनी पारावर वाचून दाखवला. गावाचं नाव आलं तसा बाप उठून उभा राहिला. त्याला वाटलं, पोरगं आता शिकलंय, आईबापाला तोंडावर कसं सांगणार, म्हणून कागदातून सांगायलंय. घरी येऊन त्यानं मायला सांगितलं, सगळ्या पेंड्या झोडपल्या, दळून आणल्या आणि पिशवी आणून पेरली.

मला तो वावरभर फिरवत होता. "बग, कणीस कसं भरलंय. तुझ्या सांगण्यावरनं केलं. पुन्ना काय असलं तर असंच लिव्हत जा." पिकाचा उतार खरंच बरा येणार होता, खोटं कशाला बोलू? हुरडा भाजला, पण दुसरी मूठ कुणी मागितली नाही. तो प्रश्न मी कोपरा भरायला लिहिला होता, हे बापाला सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

पुण्याला परतताना वाट वाकडी करून ते बी मागायला मामाकडं गेलो. मामानं कपाळाला हात लावला. "आमी कवाच मोडलं ते बी. तुझी माय ठिवायली म्हणून बिनघोर होतो रे आमी."

वर्षभरानं ऑफिसात एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मास्तरांचं, खाली नाव बापाचं. 'संपादक साहेबांस नमस्कार. जुन्या हुरड्याच्या ज्वारीचं बी जिल्ह्यात कुणाकडं असल्यास कळवावे. घरच्या मालकिणीस पाहिजे. ती मागत नाही.'

संपादक खूश झाले. "अहो, खरा प्रश्न आला! टाका लगेच."

मी उत्तर लिहिलं: हे बी आता मिळत नाही. ते मोडायचा सल्ला याच पानावर छापला होता. तो विचारणारा शेतकरी खरा नव्हता, सल्ला पत्रकातून उतरवलेला होता, चूक माझी आहे. खाली माझं पूर्ण नाव. संपादकांनी वाचलं आणि पहिलं वाक्य सोडून सगळ्यावर लाल रेघ मारली. "दुकानदार उद्या अंक बंद करतील. मग तुम्ही कुठं जाल आणि मी कुठं?" मी भांडलो नाही. पगार घेतला. 'हे बी आता मिळत नाही,' एवढंच पारावर वाचलं गेलं. बापानं पुन्हा काही विचारलं नाही, आणि दोन वर्षांनी तो गेला.

यंदा विद्यापीठाला नाव मिळालं. मी ते मासिक कधीचंच सोडलंय. पुण्यात दोन खोल्या आहेत, घरात पोळ्या होतात, पोरांना भाकरी कडू लागते. माय पुण्याला येत नाही. मागच्या खेपेला मी तिच्याजवळ बसून सगळं सांगून टाकलं. प्रश्न खोटा होता, उत्तर उसनं होतं, बाप उगीच फसला.

ती सुपातले खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"कसं?"

"आपल्या गावात असं कोण इचारील बा? बी किती वरीस ठिवायचं, हे शेंबड्या पोराला ठाऊक हाय."

"मग बापाला कामून न्हाई सांगितलंस? पेंड्या कामून काढू दिल्यास?"

"मीच काढून दिल्या. त्यांला लय आनंद झाला होता. पोरगं आपल्याशी कागदातून बोलायलंय म्हणत सगळ्या गावात हिंडले. त्यांला म्हणू का मी, ते तुमच्याशी न्हाई बोलायलं म्हणून?"

ती पुढं खडे वेचत राहिली.

घर कुठलं असं कुणी विचारलं, की मी अजूनही गावाचंच नाव सांगतो. पण मनातून विचाराल तर, माझं खोटं ओळखूनही मायनं ज्या दिवशी आपल्या हातानं त्या पेंड्या खाली उतरवल्या, तो एक दिवस माझं घर आहे. त्या दिवशी मी तिथं नव्हतो.