बाबांनी आवाज उतरवला

बाबा एसटीत कंडक्टर होते. ते निवृत्त झाल्यावर मी माझा जुना कॉम्प्युटर अड्याळला घरी नेऊन दिला आणि त्यात जुन्या यंत्रावरही हलकं चालणारं लिनक्स टाकलं. तरी तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की बाबा बटण दाबून अंघोळीला जायचे.

एका रविवारी मी भंडाऱ्याहून गेलो, तेव्हा कॉम्प्युटर चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी त्यांना उघडून दाखवली. ज्याच्यापुढची खूण काढाल तो सुरू होणार नाही, असं सांगितलं. बाबा चष्मा लावून सरसावून बसले. आपल्याकडे प्रिंटर नाही, मग प्रिंटरवाला कायले बसला, असं म्हणत त्यांनी पहिला उतरवला. पाठोपाठ ब्लूटूथवाला गेला. कॉम्प्युटर झटकन सुरू झाला आणि बाबा पुन्हा ड्युटीवर रुजू झाल्यासारखे खूश झाले. मी संध्याकाळच्या गाडीने परतलो, इथेच घोटाळा झाला.

माझ्यामागे त्यांनी उरलेल्यांची तपासणी केली. नाव ओळखीचं नसलं की काढ खूण. त्यात आवाज सांभाळणारा प्रोग्रामही गेला. दुसऱ्या दिवशी यूट्यूबवरचा बातम्यावाला नुसतेच ओठ हलवू लागला. बाबांनी दोष स्पीकरला दिला, ते पिशवीत घातले, भंडाऱ्याची गाडी धरली आणि स्पीकर जिथून घेतले होते ते दुकान थेट गाठून मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा वाद चांगलाच रंगला होता. दुकानदाराने शांतपणे स्पीकर स्वतःच्या मोबाईलला जोडले. दुकानभर ढोलकी दणाणली. फितूर साक्षीदाराकडे पाहावं तसे बाबा स्पीकरकडे पाहत राहिले.

मी हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही आणखी काय काय उतरवलं?"

"ज्याचं काम समजलं नाई, ते उतरवलं," ते म्हणाले. "मले काय मालूम, आवाजालेही वेगळा माणूस लागते म्हणून."

त्यांच्यासोबत घरी जाऊन मी आवाजाची खूण परत लावली. आई आजवर कॉम्प्युटरकडे फिरकली नव्हती. ती जवळ येऊन म्हणाली, "यात बुद्धवंदना टाकून दे. चालू केला का आपोआप वाजली पाहिजे. अन् तुह्या बाबाले काढता नाई आली पाहिजे."

मी वंदना जोडून दिली. ती काढता न येण्याची सोय मला जमली नाही. ती आईनेच केली. वंदना सुरू झाली की आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. बाबा हात जोडून बसतात. माऊसला हात लावायची त्यांची टाप नाही.