गाडीतलं हळदीकुंकू

घर घेताना माणसं पाणी बघतात, ऊन बघतात, शेजार बघतात. मी उंची बघितली, आणि तीही चुकीची बघितली.

एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून माझी हयात गेली. दुसऱ्यांच्या यंत्रांचे आराखडे काढून काढून निवृत्त झालो, तेव्हा स्वतःचं काहीतरी मापात बसवायची खुमखुमी शिल्लक होती. त्यात गाडीतच संसार थाटून हिंडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ मोबाइलवर बघायची सवय लागली. मुलगा आणि सून आमच्या पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, त्यामुळे सगळ्यांना सांगायला एक कारणही मिळालं. मुलांना जागा नको का, असं मी उदारपणे म्हणत असे. खरं कारण वेगळं होतं. दिवसभर एका घरात असून मी आणि बायको दोन खोल्यांत राहत होतो. ती आत तिच्या मालिका बघायची, मी बाहेर माझे व्हिडिओ. जेवायला हाक मारायची तेवढंच बोलणं. मला वाटलं, खोलीच एक असली तर जाईल कुठं? हे तिला सांगायचा धीर झाला नाही. तिला सांगितलं, समुद्राची हवा गुडघ्यांना चांगली.

मोठमोठ्या मोटारहोमही बघून आलो. एकीत ओव्हन होता, एकीला वर बसायला गच्ची होती. पण अलिबागच्या खालचे रस्ते मला माहीत आहेत. दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मध्ये एका एसटीपुरती वाट, आणि समोरून येणारी दुसरी एसटी. म्हणून लहान गाडी ठरवली. मालवाहू व्हॅन घ्यायची आणि वर्कशॉपमध्ये आतून घर करून घ्यायचं.

मग मी हॉलच्या लादीवर खडूनं गाडी आखली. इथं पलंग, इथं ओटा, इथं मोरी. पलंगाच्या रेघांत आडवा पडून कूस वळता येते का बघत होतो, तेवढ्यात शेजारचे गृहस्थ पेपर मागायला दारात आले, मला खडूच्या चौकोनात निपचित पडलेलं बघून दोन पावलं मागे सरकले आणि पेपर न मागताच गेले. बायकोला म्हटलं, तूही जरा झोपून बघ. ती म्हणाली, "केर काढायचाय. पाय वर घ्या." आणि ओटा, मोरी सगळं झाडून नेलं.

उंचीचं मात्र माझं मीच केलं. रिकाम्या व्हॅनमध्ये ताठ उभा राहिलो, डोक्यावर चार बोटं जागा उरली, समाधान वाटलं. पुढे खाली प्लायवूड आलं, वर थर्माकोल आणि त्यावर पुन्हा प्लायवूड, आणि ती चार बोटं कुठं गेली ते वर्कशॉपवाल्यालाही सांगता येईना. ड्राफ्ट्समन माणूस प्लायवूडची जाडी विसरला. आता गाडीत बायकोला ताठ उभं राहता येतं, मला मान खाली घालूनच राहावं लागतं. नातेवाईक म्हणाले, मग यात नवीन काय?

बायको यायला तयार झाली, पण अट घालून. लग्नापासून तिचं संक्रांतीचं हळदीकुंकू एकदाही चुकलेलं नव्हतं. ती म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत बघीन. जिथं चार बायकांना आत बोलावता येत नाही, त्याला मी घर म्हणणार नाही. नाही जमलं तर मी पनवेलला जाईन, तुम्ही खुशाल हिंडा." मी लगेच हो म्हटलं. गाडी दोघांच्या मापाची होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

दिवाळी आटपून निघालो. काही दिवस नागावला काढले. तिथं शनिवार-रविवारी मुंबईची माणसं काचेला नाक लावून आमचा स्वयंपाक बघत, आणि एकाने तर वडापाव मिळेल का विचारलं. तिथून चौलला आलो. माझ्या जुन्या सहकाऱ्याची मोठी बहीण तिथं राहते, नारळी-सुपारीची वाडी आहे. या काकूंनी फोनवरच सांगून ठेवलं होतं, विहिरीशेजारी गाडी लावा, पाणी घ्या, महिना राहा. वाडीच्या दारात पोचलो आणि कळलं की मी गाडी आतून इंच इंच मोजली होती, पण बाहेरून कधी मोजलीच नव्हती. जांभ्याच्या दोन खांबांमध्ये ती वीतभरासाठी अडकली. घरातले सगळे बाहेर येऊन मला हातवारे करत होते. शेवटी मागे घेतली आणि गडग्याला लागून रस्त्याच्या कडेला उभी केली.

रस्त्यावर गाडी म्हटल्यावर काकूंच्या जिवाला ते लागलं. पहिल्याच संध्याकाळी त्या बायकोला न्यायला आल्या. "रस्त्यावर काय झोपताव ताई? आमचं येवढं मोठं घर हाय." बायको अंघोळीला म्हणून गेली, जेवली, आणि गुडघ्यांचं निमित्त सांगून माजघरातच निजली. मलाही आग्रह झाला. पण स्वतःच्या हातानं आखलेलं घर सोडून परक्याच्या ओसरीवर झोपायचं म्हणजे तोंडावर पडणं होतं. मी म्हटलं, मला समुद्राच्या आवाजाशिवाय झोप येत नाही. समुद्र तिथून चांगलाच लांब आहे.

मग तेच रोजचं झालं. दोघांसाठी बसवलेल्या पलंगावर मी एकटा हातपाय पसरून झोपत असे. सकाळी बायको पाहुण्यासारखी यायची, पलंगाच्या कडेला बसायची, मी केलेला चहा प्यायची, छान झालाय म्हणायची आणि काकूंना नारळ सोलायला मदत करायला जायची. मोरीत तिनं वाणाच्या गाळण्यांचं खोकं ठेवलं होतं, कारण मीही अंघोळ विहिरीवरच करत होतो, मोरी वापरायला कोणी नव्हतंच. एका खोलीत राहायचं म्हणून मी घर सोडलं आणि आता आमच्यामध्ये एक अख्खी वाडी आली होती. मला फार एकटं वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण हा सगळा उद्योग माझाच होता.

संक्रांत झाली. काकू म्हणाल्या, हळदीकुंकू आमच्या ओसरीवर करा. मी घाईघाईनं मध्ये पडलो, गाडीला बाहेर ओढायचा कापडी चांदवा आहे, त्याखाली खुर्च्या मांडतो म्हटलं. बायकोनं दोन्ही मोडीत काढलं. ओसरीवर केलं तर ते काकूंचं होईल, आणि रस्त्यावर काय हळदीकुंकू करतात? "आतच करायचं," ती म्हणाली. "एका वेळी चौघीजणी. तेवढं तुमच्या आराखड्यात बसतं का बघा."

मी बसवलं. पलंग मिटून बाक केला, ओट्यावर फळी टाकून तबकाची सोय केली. चौघी बसत होत्या, बायको उभी राहत होती. मी स्वतः मात्र कुठंच बसत नव्हतो. घरात हळदीकुंकू असलं की पुरुष आतल्या खोलीत जाऊन पडतात. माझ्या घराला आतली खोली नव्हती. शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि मागे पडदा ओढून घेतला.

आळीतल्या बायका आल्या. चपला रस्त्यावर काढून त्या एकेक करून घडीच्या पायरीवरून आत चढल्या, आणि दरवेळी गाडी एका अंगाला झुकली. काकू पहिल्या चौघींतच होत्या. मी समोरच्या काचेतून एका माडाकडे बघत बसलो होतो. मागून अत्तराचा वास आला, साड्यांची सळसळ ऐकू आली, गुलाबपाणी पडद्यावरून माझ्या मानेवर उडालं. कुणीतरी विचारलं, ताई, करमतं का हितं? मी पडद्याकडे कान केला. बायको म्हणाली, "बघतेय अजून."

तेवढ्यात समोरून संध्याकाळची एसटी आली. एरवी ती आम्हाला घासून जाते, पण त्या दिवशी पलीकडच्या बाजूला पर्यटकांची एक मोटार लावलेली होती आणि अलीकडे आमचा दरवाजा उघडा, पायरी बाहेर, पायरीपाशी चपलांचा ढीग. एसटीनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. मी पडद्याआडून अपराधी आवाजात म्हटलं, जरा उतरता का सगळ्या, गाडी मागे घ्यावी लागेल.

"कुंकू लावताना मधीच कोण उठतं?" काकू म्हणाल्या. "तुमी काडा गाडी. आमी बसताव हितंच."

मी पायरी आत घेतली, दार लावलं आणि हळदीकुंकू चालू असलेली गाडी मागे घ्यायला लागलो. मागचं काही दिसत नव्हतं, दिसत होता तो पडदा आणि आरशात एक हिरव्या बांगड्यांचा हात. तिळगुळाचे लाडू डब्यात गडगडले, कुणीतरी हसून हसून ठसकलं. देवळापाशी मोकळी जागा आहे, तिथं वळवली, एसटीला वाट दिली आणि परत आणली. कंडक्टरनं सगळ्या चपला उचलून गडग्यावर ओळीनं लावून ठेवल्या होत्या.

पहिल्या चौघी उतरल्या त्या पदरानं डोळे पुसत. कारण कळल्यावर बाहेर थांबलेल्या चौघींनी विचारलं, मग आमाला न्हाय का फिरवनार? त्यानंतर प्रत्येक चौघींना मी देवळापर्यंत नेऊन आणलं. जाताना हळद, कुंकू, अत्तर, येताना तिळगूळ आणि गाळणी. बायको एका हातानं छताला धरून दुसऱ्या हातानं कुंकू लावत होती आणि मला वळणं सांगत होती. इतक्या वर्षांत तिनं माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवली नाहीत, असा तो पहिला प्रवास.

दिवस मावळता काकू नेहमीसारख्या तिला न्यायला आल्या. अंथरूण घातलंय म्हणाल्या. बायकोनं मागे वळून गाडीत बघितलं. बाकावर कुंकू सांडलं होतं, खाली तीळ, फुलांच्या पाकळ्या, हलव्याचे दाणे, पायांनी आलेली रस्त्याची माती.

"आज नको हो काकू," ती म्हणाली. "घर असं टाकून कशी येऊ?"

काकू गेल्या. मी ड्रायव्हरच्या सीटवरच बसून राहिलो, कारण हललो तर ती विचार बदलेल अशी मला भीती वाटत होती. थोड्या वेळानं वाकून आत आलो, कपाळ नेहमीच्या जागी आपटलं, आणि बाकाच्या टोकाला बसलो. तिनं कुठूनशी केरसुणी काढली. केरसुणीला जागा मी आराखड्यात दिलेली नव्हती, ती तिनंच कधीतरी करून घेतली होती.

माझ्यापर्यंत झाडत आली आणि थांबली.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

तेवढ्या जागेत पाय वर घेणं सोपं नव्हतं. मी घेतले.