बाटलीतली साखर

पाळणाघरवाल्या मावशींचा लौकिक एकाच गोष्टीचा: त्यांच्याकडे पोरं झोपतात. घरी आईबापांना वात आणणारी कार्टी दुपारी मावशींच्या सतरंजीवर पडली की चिडीचूप. "मावशी, हातात जादू आहे तुमच्या," असं पोरांच्या आया म्हणत. "कसली जादू, सवय लावावी लागते," म्हणत मावशी मान उडवत, पण आतून सुखावत.

जादूबिदू काही नव्हती. प्रत्येकाच्या दुधाच्या बाटलीत चमचाभर साखर घालायची आणि बाटली तोंडात असतानाच झोपू द्यायचं, बस. एकटी बाई आणि खोलीभर पोरं, त्यात एकाने भोकाड पसरलं की बाकीचे साथ द्यायला टपलेलेच. करणार काय बिचारी? एकदा युक्ती सापडली, लागू पडली, मग अंगवळणी पडली. आयांना सांगायचं त्यांना कधी सुचलं नाही. मात्र साखर घालताना त्या दाराकडे पाठ करून उभ्या राहत, हेही खरं.

या पोरांतला एक बोका. वय दोन वर्षं, दुधावर तुटून पडायचा म्हणून हे नाव. रोज चारला त्याची आजी, म्हणजे आईची आई, त्याला न्यायला यायची, कारण आई ऑफिसातून सुटेपर्यंत सात वाजत.

एके सकाळी त्याची आई आली ती रडून डोळे सुजलेली. बोक्याचे वरचे पुढचे दात हिरडीपासून तपकिरी होऊन झिजत चालले होते. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, भूल देऊन काढावे लागतील.

"डॉक्टर म्हणाले, हा झोपताना गोड दूध पितोय. झोपेत लाळ कमी सुटते, साखर रात्रभर म्हणा, दुपारभर म्हणा, दातांवर बसून राहते. मी म्हटलं, आमच्याकडे दुधात साखर घालतच नाही कुणी. मग लक्षात आलं. आईच असणार. तिचे लाड मला माहीत नाहीत का? विचारलं तर नाही म्हणते, वर रडते. आता तिने याला न्यायचंच नाही. मावशी, माझा विश्वास आता फक्त तुमच्यावर. सातपर्यंत ठेवाल?"

"ठेवेन की," मावशी म्हणाल्या. बोलल्या आणि त्यांची नजर साखरेच्या डब्याकडे गेली.

त्या दुपारी त्यांनी सगळ्यांना साधं दूध कपातून दिलं. बोक्याने कप भिरकावला आणि घर डोक्यावर घेतलं, पाठोपाठ बाकीच्यांनीही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मावशींचं डोकं फुटायची वेळ आली, आणि त्यांनी पुन्हा बोक्याची बाटली काढली. अर्धाच चमचा, असं स्वतःला बजावलं. अहो, अर्धा काय नि पाव काय, आता तर माहीत होतं ना बाईंना!

बोका झोपला. मावशींनी बोटाने त्याचा वरचा ओठ हलकेच उचलला. हिरडी लालबुंद, सुजलेली. बोका झोपेतच कण्हला. गेले कितीतरी दिवस सफरचंदाची फोड तो नुसती चोखून परत हातात द्यायचा, उकडलेलं अंडंही पुढच्या दातांनी तोडत नव्हता, आणि मावशी म्हणत होत्या, नखरे आहेत मेल्याचे. स्वतःच्याच कानाखाली वाजवावी असं त्यांना वाटलं. बाटली त्यांनी काढून घेतली, पण जे पोटात जायचं ते गेलंच होतं.

चारला आजी आली. आत न येता दाराशीच थांबली.

"न्यायला नाही आले. लांबून बघते नि जाते," ती म्हणाली. "तिचं बरोबरच असेल हो मावशी. माझंच वय झालंय. दिली असेल मीच साखर कधी, आठवत नसेल. आता मला माझाच भरवसा वाटत नाही."

आजी झोपलेल्या नातवाकडे बघून निघून गेली.

सातला बोक्याची आई आली. तिने चपला काढायच्या आतच मावशी बोलल्या, कारण थांबल्या असत्या तर जमलं नसतं.

"साखर मी घालत होते. पहिल्या दिवसापासून. आजही घातली. तुझ्या आईने काही केलेलं नाही."

आई ओरडली नाही. ओरडली असती तर मावशींना सोपं गेलं असतं.

"मी तिला काय काय बोलले, मावशी," ती एवढंच म्हणाली. "तुमच्यासमोरही तिलाच दोष दिला."

तिने फोन काढला, आपल्या आईचा नंबर लावला. पलीकडून आवाज येताच तिने फोन मावशींच्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा."

मावशींनी फोन कानाला लावला. "हॅलो" म्हणताच आजीने आवाज ओळखला.

"मावशी होय? जेवला का हो तो? तुम्ही आहात तिथे, म्हणून मला घोर नाही."

"आजी, तसं म्हणू नका," मावशी म्हणाल्या. "मी काय केलंय ते आधी ऐका."